आर्मेनियन लीजन: तोंडी शब्दावर उभी राहिलेली फौज

पहिल्या महायुद्धात आर्मेनियन लोकांची स्वतःची फौज होती का, असं कुणी विचारलं तर उत्तर 'होती, पण तुम्ही नक्की कुठली म्हणताय' असं द्यावं लागतं. कारण १९१४ पासून रशियाच्या बाजूने लढणाऱ्या आर्मेनियन स्वयंसेवकांच्या तुकड्या होत्या, १९१७-१८ मध्ये रशियन सैन्य घरी निघून गेल्यावर जनरल नाझारबेकियानच्या हाताखाली उभी राहिलेली आर्मेनियन कोअर (कोअर म्हणजे एकाहून जास्त डिव्हिजन मिळून झालेलं मोठं सैन्य) होती जी मे १९१८ मध्ये सरदारापाट या ठिकाणी लढली आणि ज्यामुळे आजचा आर्मेनिया नकाशावर राहिला, आणि तिसरी ही, फ्रेंच युनिफॉर्म घातलेली, सायप्रसमध्ये ट्रेनिंग घेतलेली, पॅलेस्टाइनमध्ये लढलेली. पहिल्या दोघींवर भरपूर लिहिलं जातं. तिसरीबद्दल वाचायला गेलं की आधी गोंधळच होतो, कारण तिचं नाव 'लेजियों दोरियां', म्हणजे पूर्वेची लीजन, त्यात आर्मेनियाचा पत्ता नाही, भरती झालेले काही लोक इजिप्तच्या छावणीतले तर काही थेट अमेरिकेतल्या कारखान्यांतले, आणि लढाया म्हणाल तर मोठी अशी एकच.

तर ते नीट सोडवून बघू. एक गोष्ट आधीच सांगतो, फौज म्हटलं की डिव्हिजन वगैरे डोळ्यासमोर येते, पण काटेकोर बोलायचं तर ही डिव्हिजन नव्हतीच. डिव्हिजन म्हणजे साधारण दहा-पंधरा हजार माणसं, स्वतःचा तोफखाना वगैरे सगळं. ही लीजन भरात असताना सुमारे ४,००० माणसांपर्यंत गेली, म्हणजे तीन-चार बटालियन. पण लोकांना भरती करताना जे स्वप्न दाखवलं होतं ते मात्र डिव्हिजनपेक्षाही मोठं होतं, की उद्याच्या आर्मेनियन सैन्याचा हा गाभा असणार. सगळा घोळ तिथेच आहे.

आधी नकाशा. आपण आर्मेनिया म्हटलं की येरेवान डोळ्यासमोर आणतो. या गोष्टीतला भाग तो नाही. हा भाग सिलिसिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेचा भूमध्य समुद्राला लागून असलेला पट्टा, अदाना, मेर्सिन, तार्सुस, आणि वर डोंगरात माराश, हाजिन अशी गावं. येरेवानपासून हे आठ-नऊशे किलोमीटर लांब. पण इथे ११९८ ते १३७५ आर्मेनियन राज्य होतं आणि राज्य गेल्यावरही वस्ती राहिलीच, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या आर्मेनियन माणसाच्या मनात 'आपला देश' म्हणजे येरेवान असेलच असं नाही, तो सिलिसिया असायचा.

१९१५ मध्ये उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, सरकारने आर्मेनियन लोकांना गावागावातून उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलायला सुरुवात केली, त्यात लाखो माणसं मारली गेली, वाटेत मेली, उपासमारीने गेली. अँटिऑकजवळ समुद्राला लागून मुसा दाग नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला सहा आर्मेनियन गावं. जुलैच्या शेवटी त्यांनाही हुकूम आला. काहींनी हुकूम मानला आणि गेले. बाकीच्यांनी बायकापोरं, शेळ्यामेंढ्या, मिळतील त्या बंदुका घेतल्या आणि डोंगर चढले. त्यांच्यात मोव्हसेस देर कालुस्तियान नावाचा तरुण होता, उस्मानी सैन्याचं शिक्षण घेतलेला, म्हणजे ज्या सैन्याशी लढायचं त्याच सैन्याने शिकवलेला. नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. चाळीसहून जास्त दिवस ते वर टिकले. समुद्राच्या बाजूला त्यांनी मोठे पांढरे कपडे टांगले, एकावर लाल क्रॉस, एकावर इंग्रजीत लिहिलेलं की ख्रिश्चन लोक संकटात आहेत, वाचवा. फ्रेंच युद्धनौका 'गिशें'ने ते पाहिलं आणि सप्टेंबरच्या मध्यात फ्रेंच जहाजांनी ४,००० च्या वर माणसं उचलून इजिप्तला पोर्ट सईदला नेली.

सुटका झाली हे खरं, पण पुढे काय? इथून चार वेगवेगळ्या लोकांची चार वेगवेगळी गणितं सुरू होतात आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ही चार गणितं वेगळी ठेवून वाचली तरच लीजनचा इतिहास कळतो, नाहीतर 'फ्रान्सने मदत केली' किंवा 'फ्रान्सने फसवलं' या दोनच वाक्यांत सगळं संपतं.

पहिलं गणित त्या निर्वासितांचं. छावणीत तंबू, रेशन, शाळा सगळं होतं (इजिप्तमधल्या आर्मेनियन लोकांची कैरोत १९०६ ला स्थापन झालेली आर्मेनियन जनरल बेनेव्हलंट युनियन बरंच बघायची), पण पाच-सहाशे तरणीताठी माणसं जी नुकतीच बंदूक हातात धरून उतरलेली, त्यांना तिथे बसून राहायचं नव्हतं. परत जायचं होतं.

दुसरं गणित इंग्रजांचं. छावणी इजिप्तमध्ये, म्हणजे खर्च आणि डोकेदुखी त्यांची. इतकी धडधाकट माणसं बसून खातायत हे कुठल्याच लष्करी अधिकाऱ्याला बघवत नाही. पण त्यांना स्वतःच्या सैन्यात घ्यायचं म्हणजे उद्या त्यांच्या जमिनीचं काय ते राजकीय उत्तर द्यावं लागणार, ते नको. अलेक्झांड्रेटाला, म्हणजे आजच्या इस्केंदेरूनला, सैन्य उतरवून उस्मानी साम्राज्य मधोमध कापायचं अशी एक कल्पना इंग्रजांच्या डोक्यात बरेच दिवस होती, तिथल्या वाटा माहीत असलेली ही माणसं त्यासाठी सोन्यासारखी होती, पण तो किनारा फ्रान्सला आपला वाटत होता म्हणून तेही पुढे सरकेना.

तिसरं फ्रान्सचं. मे १९१६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये उस्मानी प्रदेश वाटून घ्यायचा साइक्स-पिको करार झाला, गुपचूप, त्यात लेबनॉनच्या किनाऱ्यासकट सिलिसिया फ्रान्सच्या वाट्याला आला. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात फ्रान्सचं सगळं सैन्य त्या वर्षी फ्रान्समध्येच व्हर्दन आणि सोमच्या लढायांत चिखलात रुतलेलं, पूर्वेला पाठवायला माणसंच नाहीत. आणि युद्धाचा साधा नियम असा की शेवटी जमिनीवर ज्याचे बूट, त्याचं बोलणं ऐकलं जातं. पॅलेस्टाइनमध्ये सगळे बूट इंग्रजांचे. फ्रान्सला स्वस्तात बूट हवे होते.

चौथं गणित बोगोस नुबार पाशाचं. हा इजिप्तचा पहिला पंतप्रधान नुबार पाशा, त्याचा मुलगा, श्रीमंत, पॅरिसमध्ये बसून आर्मेनियन लोकांची बाजू मांडणारा, वरती उल्लेख केलेली संस्था काढणाराही हाच. त्याला कळत होतं की शांतता परिषदेत नुसतं 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून जाणाऱ्याला सहानुभूती मिळते, जमीन मिळत नाही. आपलीही माणसं लढली हे दाखवता आलं पाहिजे.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनच्या फ्रेंच वकिलातीत तो आणि फ्रेंच मुत्सद्दी झॉर्झ-पिको भेटले, साइक्स-पिकोमधला पिको तोच. करारातला दुसरा, इंग्रज मार्क साइक्सही या बोलण्यांत होता. ठरलं असं: आर्मेनियन स्वयंसेवक फ्रान्सच्या झेंड्याखाली लढतील, फक्त तुर्कांशी आणि फक्त त्यांच्या मायभूमीच्या बाजूला लढतील, फ्रान्सच्या खंदकात त्यांना पाठवणार नाही, आणि विजय झाला की सिलिसियात फ्रान्सच्या छत्राखाली आर्मेनियन लोकांना स्वायत्तता मिळेल, ही तुकडी तिथल्या भावी सैन्याचा पाया होईल. आता यातली स्वयंसेवकांनी काय करायचं ही बाजू पुढे हुकूम, नियम, सह्या, शिक्के अशा रीतसर कागदांत आली. स्वायत्ततेची बाजू मात्र बोलण्यातच राहिली. जमीन कसायला आजच सुरुवात करा म्हणाले आणि सातबारा कुणाच्या नावावर होणार ते विचारलं की 'होईल हो सगळं नीट'.

बोगोस नुबारला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. पण १९१६ मध्ये त्याच्या हातात दुसरं होतं काय? सौदा करायला देश नाही, सैन्य नाही, लोक वाळवंटात मरतायत. अशा वेळी समोरचा जो शब्द देईल तो घ्यावा लागतो.

नोव्हेंबर १९१६ मध्ये पॅरिसच्या युद्ध मंत्रालयाने, जनरल रॉक तेव्हा युद्धमंत्री होते, लीजनचा हुकूम काढला. नावात आर्मेनिया का नाही? कारण फ्रान्सला सीरिया-लेबनॉनही हवं होतं, त्यामुळे त्याच फौजेत सीरियन अरब स्वयंसेवकही घ्यायचे होते, आणि शिवाय नावात आर्मेनिया घातलं की उद्या कोणी त्याचा हिशेब मागेल. फ्रेंच सैन्यात हिचा दर्जा सहाय्यक दलाचा. परदेशी लोकांची जी प्रसिद्ध फॉरेन लीजन आहे तिचा आणि हिचा संबंध नाही, दोघांत हमखास घोटाळा होतो म्हणून सांगितलं. कमांडर नेमले मेजर रोमियू, पुढे लेफ्टनंट कर्नल झाले. अधिकारी जवळजवळ सगळे फ्रेंच, हुकूम फ्रेंचमध्ये.

तळ कुठे करायचा हा पुढचा प्रश्न. इजिप्तमध्ये इंग्रजांना नको होता. शेवटी सायप्रस ठरलं, फामागुस्ताच्या उत्तरेला मोनार्गा नावाच्या गावाजवळ. सायप्रस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, आणि तिथल्या इंग्रज कारभाऱ्यांना ही कल्पना अजिबात आवडलेली नव्हती कारण बेटावर तुर्की वस्ती होती, तिथे सूडाने पेटलेले आर्मेनियन तरुण बंदुका घेऊन आणून बसवायचे म्हणजे काय. म्हणून तळ गावांपासून बाजूला. १९१६ संपता संपता मुसा दागची पहिली माणसं तिथे पोचली आणि बराकी बांधण्यापासून कामाला लागली.

भरती कोण कोण झालं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. पाया मुसा दागवाल्यांचा, देर कालुस्तियानही त्यात. मग युद्धकैदी. उस्मानी सैन्यात सक्तीने घेतलेले आर्मेनियन शिपाई मेसोपोटेमियात इंग्रजांच्या हाती लागले होते, आणि मेसोपोटेमियाची मोहीम चालत होती हिंदुस्थानातून, त्यामुळे हे कैदी आले हिंदुस्थानातल्या छावण्यांत. म्हणजे बघा, अनातोलियातल्या कुठल्यातरी गावातला पोरगा, सुलतानाच्या सैन्यात ओढला गेला, बसऱ्याकडे कुठेतरी पकडला गेला, जहाजातून हिंदुस्थानात आला, इथल्या उन्हात तारांच्या कुंपणामागे बसला आणि तिथून फ्रेंच सैन्यात नाव नोंदवून सायप्रसला गेला.

तिसरा गट अमेरिकेचा आणि तो हजाराच्या वर. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड इथल्या कापड आणि चामड्याच्या कारखान्यांत काम करणारे, कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोच्या द्राक्षमळ्यांत काम करणारे, बरेचसे अनातोलियातल्या खारपर्त भागातून पैसे कमवायला म्हणून आलेले आणि बायकामुलं, आईबाप मागे राहिलेले. १९१५ मध्ये त्यांच्याकडे घरची पत्रं यायची बंद झाली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरेपर्यंत तिथे परक्या सैन्यासाठी उघड भरती करता येत नव्हती, नंतर वाट मोकळी झाली. पण अमेरिकेने जर्मनीशी युद्ध पुकारलं, उस्मानी साम्राज्याशी कधीच पुकारलं नाही, म्हणजे ज्याला तुर्कांशीच लढायचं होतं त्याला अमेरिकन सैन्यात जाऊन उपयोग नव्हता. मग न्यूयॉर्कहून बोटीने फ्रान्स, मार्सेय, तिथून पाणबुड्यांनी भरलेल्या भूमध्य समुद्रातून पोर्ट सईद, आणि मग सायप्रस. आणि चौथे सीरियन अरब, त्यांच्या कंपन्या वेगळ्या ठेवल्या कारण एकत्र ठेवलं की जमायचं नाही.

आता एवढं सगळं जमवून यांचं केलं काय? बसवून ठेवलं. १९१७ अख्खं गेलं. कवायत, नेमबाजी, मार्च, परत कवायत. अलेक्झांड्रेटाला उतरायचं ज्याच्यासाठी आले होते ते काही होईना, फ्रान्सकडे जहाजं नाहीत, इंग्रजांना रस नाही. कुरबुरी सुरू झाल्या, आमचे अधिकारी का नाहीत, आम्हाला वसाहतीतल्या शिपायांसारखं का वागवता, लढायला कधी नेणार. अमेरिकेहून आलेले तर जास्तच बोलायचे, तिकडे पगार सोडून आले होते ना.

१९१८ च्या उन्हाळ्यात शेवटी त्यांना पॅलेस्टाइनला हलवलं. इंग्रज जनरल ॲलनबीच्या अवाढव्य सैन्यात फ्रान्सची एक छोटीशी तुकडी होती, कर्नल द पिएपापच्या हाताखाली, त्यात अल्जेरियन तिरायर (म्हणजे पायदळ), घोडदळ आणि ही लीजन. १९ सप्टेंबर १९१८ ला पहाटे ॲलनबीचा मोठा हल्ला सुरू झाला, मेगिद्दोची लढाई. कल्पना अशी की समुद्राच्या बाजूने पायदळाने भगदाड पाडायचं आणि त्यातून घोडदळ आत सोडायचं, आणि भगदाडाच्या उजव्या टोकाला जे डोंगर आहेत तिथे शत्रूला अडकवून ठेवायचं. फ्रेंच तुकडी त्या डोंगरात, रफातजवळ. समोर जर्मन एशिया कोअरचा भाग. आर्मेनियन बटालियनच्या वाट्याला अराराची टेकडी आली.

भगदाडातून आत सोडायचं ते ॲलनबीचं घोडदळ बहुतांश हिंदी होतं. चार दिवसांनी हैफा ज्यांनी घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर्स याच लढाईतले, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आणखी एक सांगतो. आर्मेनियन ज्या २१ व्या कोअरमध्ये लढत होते त्याच कोअरमध्ये तिसरी लाहोर डिव्हिजन होती आणि तिच्यात १०५ महराट्टा लाइट इन्फन्ट्री. मध्ये एक इंग्रज डिव्हिजन, तिच्या एका बाजूला आर्मेनियन, दुसऱ्या बाजूला लाहोरवाले. म्हणजे त्या पहाटे मुसा दागचे शेतकरी एका टेकडीवर चढत होते तेव्हा काही किलोमीटरवर आपल्याकडची माणसं त्याच हुकमाखाली चालून जात होती. 'मेगिद्दो' आणि 'शेरॉन' ही नावं मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत आहेत.

अरारा त्यांनी सकाळी घेतली. अवघड भाग त्यानंतरचा होता, कारण टेकडी घेतली म्हणजे शत्रूच्या तोफांना नेम धरायला तुम्ही मिळालात, खडकाळ जागा, खंदक खणता येत नाही, पाणी कमी, आणि दिवसभर तिथून हलायचं नाही. ते हलले नाहीत. रात्री समोरचं सैन्य मागे सरकलं. २३ जण मेले, जखमी त्याच्या कितीतरी पट. महायुद्धाच्या हिशेबात २३ म्हणजे काहीच नाही, पण ज्यांच्यासाठी ही स्वतःच्या नावाने लढलेली पहिली लढाई होती त्यांना तो आकडा वेगळा दिसतो. ॲलनबीने बोगोस नुबारला तार करून त्यांचं कौतुक केलं. १९२५ मध्ये त्या लोकांच्या अस्थी जेरुसलेमला झायन डोंगरावरच्या आर्मेनियन दफनभूमीत आणल्या, तिथे स्मारक आहे.

पुढे किनाऱ्याने चालत बैरूत, आणि ३० ऑक्टोबर १९१८ ला उस्मानी साम्राज्याशी मुद्रोसचा युद्धविराम. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लीजन अलेक्झांड्रेटा, मेर्सिन, अदाना इथे उतरली. ज्यासाठी सगळं केलं ते झालं. आणि बिघडायलाही इथूनच सुरुवात झाली.

सिलिसियाचा ताबा घ्यायला फ्रान्सकडे माणसं म्हणाल तर मुख्यतः हीच, सोबत थोडे अल्जेरियन. तुर्की लोकांच्या नजरेतून बघा: युद्ध हरलो, विजेत्याचं सैन्य गावात आलं, आणि त्या युनिफॉर्मच्या आत कालपर्यंतचा आपला आर्मेनियन शेजारी, ज्याचं घर आपण किंवा आपल्या भावाने घेतलंय. आणि लीजनमधल्या पोराच्या नजरेतून बघा: घरी आलो तर घर दुसऱ्याचं, आई नाही, बहीण कुणाच्यातरी घरात सापडली तर सापडली. सूडाच्या घटना घडल्या, लूट झाली, पळूनही गेले काही. फेब्रुवारी १९१९ मध्ये अलेक्झांड्रेटाला लीजनवाल्यांची त्यांच्याच बाजूच्या अल्जेरियन शिपायांशी मारामारी झाली, गोळ्या चालल्या, त्यानंतर चौथी बटालियन मोडून टाकली. आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात सीरियन वेगळे काढून हिला अधिकृत 'आर्मेनियन लीजन' हे नाव मिळालं. नाव मिळालं आणि फौज कमी व्हायला लागली.

फ्रान्सला आता ही फौज अडचणीची वाटू लागली होती. मुस्लिम बहुसंख्य प्रदेशावर राज्य करायचं तर आर्मेनियन बंदुकीच्या जोरावर करून चालणार नाही हे पिकोला, जो आता सीरिया आणि आर्मेनियाचा फ्रेंच हाय कमिशनर होता, दिसत होतं. दुसरीकडे मुस्तफा केमालची तुर्की राष्ट्रवादी चळवळ उभी राहत होती. नोव्हेंबर १९१९ च्या सुमारास इंग्रज सैन्य निघून गेलं आणि माराश, ऐंताब, उर्फा ही शहरं फ्रेंचांकडे आली. माराशमध्ये अगदी सुरुवातीलाच स्त्रियांची छेड काढली म्हणून फ्रेंच युनिफॉर्ममधल्या शिपायांवर गोळी झाडल्याची घटना झाली, ती झाडणारा सुत्चू इमाम, म्हणजे दूधवाला इमाम, तुर्कस्तानात वीर मानला जातो, तिथल्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे. तिथल्या पुस्तकांत लीजन म्हणजे हे प्रकरण. आर्मेनियन पुस्तकांत लीजन म्हणजे अरारा. दोन्ही वाचावं लागतं.

२१ जानेवारी १९२० ला माराशमध्ये लढाई पेटली, तीन आठवडे गल्लीगल्लीत चालली, आणि मग फेब्रुवारीत फ्रेंच फौज एका रात्री शहर सोडून निघाली. स्थानिक आर्मेनियन लोकांना नीट कळवलंही नव्हतं. ज्यांना कळलं ते बर्फातून मागे धावले, हजारोंनी, इस्लाहियेच्या रस्त्यावर गारठून मेलेल्यांची संख्याही मोठी आहे. त्यानंतर लीजनचं वेगळं अस्तित्व ठेवायची फ्रान्सची इच्छाच राहिली नाही आणि १९२० संपायच्या आत ती पूर्ण मोडली. ऑगस्टमध्ये अदानात आर्मेनियन पुढाऱ्यांनी फ्रेंच छत्राखालच्या सिलिसियाची घोषणा करून पाहिली, १९१६ चा शब्द वसूल करायचा तो शेवटचा प्रयत्न म्हणायचा, फ्रेंच प्रशासक कर्नल ब्रेमाँने त्यांना त्याच दिवशी कचेरीतून बाहेर काढलं. २० ऑक्टोबर १९२१ ला फ्रान्सने अंकाराशी, म्हणजे केमालच्या सरकारशी, करार केला आणि सिलिसिया सोडला, परत आलेले लाखभर आर्मेनियन पुन्हा निघाले, बहुतेक सीरिया आणि लेबनॉनकडे. अमेरिकेहून आलेले बरेचसे परत अमेरिकेला गेले.

मुसा दागची गावं मात्र तेव्हा वाचली, कारण अलेक्झांड्रेटाचा भाग फ्रेंच सीरियात राहिला. लोक घरी गेले, वीसेक वर्षं शेती केली. मग १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध तोंडावर असताना तुर्कस्तान आपल्या बाजूला असावा म्हणून फ्रान्सने तो भागही तुर्कस्तानला देऊन टाकला. पाच गावांतले लोक पुन्हा उठले आणि लेबनॉनच्या बेका खोऱ्यात अंजार इथे वसले, जिथे आजही वस्तीचे भाग जुन्या गावांच्या नावाने ओळखले जातात. सहावं गाव, वाकिफ्ली, तिथले बरेच जण मागेच राहिले. देर कालुस्तियान, जो डोंगरावर लढला आणि मग लीजनमध्ये होता, तो लेबनॉनच्या संसदेत अनेक वर्षं खासदार होता.